रेक्वान बॅटल: तिसरं कॉलेज, अडलेला सीझन आणि कोर्टात गेलेला नियम

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीममध्ये एक विचित्र प्रकार चालू होता. टीमचा बहुतेक सगळ्यात चांगला स्कोअरर, रेक्वान बॅटल नावाचा सहा फूट पाच इंचांचा गार्ड, रोज प्रॅक्टिसला यायचा, स्कॉलरशिपवर होता, क्लासला जायचा आणि मॅचच्या दिवशी बेंचवर बसायचा. दुखापत नव्हती, अभ्यासाचा प्रॉब्लेम नव्हता, शिस्तीची तक्रार नव्हती. हे त्याचं तिसरं कॉलेज होतं, एवढंच कारण.

ट्रान्सफर पोर्टलबद्दल, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या कॉलेज बदलण्याच्या व्यवस्थेबद्दल, बोलताना लोक लगेच मोठ्या पैशांच्या डीलवर येतात, अमुक पोराला इतके मिलियन मिळाले वगैरे. मला बॅटलची केस त्याहून जास्त सांगण्यासारखी वाटते, कारण यात कुणी स्टार नाही, एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या प्रो बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (खेळाडू-निवडीत) पहिल्या राउंडमध्ये जाणारा कुणी नाही, एक चांगला खेळणारा मुलगा आहे ज्याने दोनदा कॉलेज बदललं आणि दुसऱ्या वेळी सिस्टीमने त्याला धरलं, आणि मग त्याच्यावरून जे झालं त्यात सिस्टीमच पडली.

नियम काय होता

आधी नियम नीट समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. अमेरिकेत कॉलेज स्पोर्ट्स चालवणारी मुख्य संस्था एनसीएए. तिचा जुना नियम असा की फुटबॉल, पुरुष आणि महिला बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी या पाच खेळांत कॉलेज बदललं की एक वर्ष मॅच खेळायची नाही. प्रॅक्टिस करा, शिका, स्कॉलरशिप घ्या, पण खेळायचं नाही. बाकीच्या बऱ्याच खेळांत एकदा बदलायची मोकळीक आधीपासून होती. म्हणजे टेनिसवाल्याला चालायचं, बास्केटबॉलवाल्याला नाही. या पाचात पैसा आणणारे दोन मोठे खेळ नेमके होते हा योगायोग समजायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये पोर्टल आलं. पोर्टल म्हणजे खरंतर एक डेटाबेस. मुलाने आपल्या कॉलेजला सांगायचं की मला नाव टाकायचंय, कॉलेजने दोन कामाच्या दिवसांत टाकायचं, आणि मग दुसऱ्या कॉलेजचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. त्याआधी दुसऱ्यांशी बोलायलासुद्धा आपल्याच कॉलेजची परवानगी लागायची आणि कोच लोक ती खुशाल अडवायचे. आपल्याकडे रणजीत राज्य बदलायला असोसिएशनची एनओसी लागते, २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळायला मुंबईची एनओसी मागितली आणि मग अर्ज मागे घेतला तेव्हा सगळ्यांना हा शब्द पाठ झाला होता. पोर्टलनंतर अमेरिकेत कॉलेजच्या हातातली ती एनओसी गेली. पण खेळायला मिळेल की नाही ही चावी एनसीएएकडेच राहिली, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. पोर्टलमध्ये नाव टाकता येणं वेगळं आणि नव्या कॉलेजकडून मैदानात उतरता येणं वेगळं.

एप्रिल २०२१ मध्ये त्या पाच खेळांनाही पहिली ट्रान्सफर फ्री झाली. दुसऱ्यांदा मात्र, जर तुमची पदवी झाली नसेल तर, एक वर्ष बसा किंवा वेव्हर मागा, म्हणजे एनसीएएने तुमचं कारण ऐकून सूट द्यायची. सुरुवातीला हे वेव्हर बऱ्यापैकी मिळायचे. मग मुलं फारच फिरायला लागली म्हणून जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएने चाळणी बारीक केली. आता कारणं चालणार तीच: शारीरिक किंवा मानसिक आरोग्याची गरज, तीही कागदपत्रांसकट, किंवा हल्ला, अत्याचार अशी टोकाची परिस्थिती, किंवा शिक्षणावर परिणाम करणारं अपंगत्व. खेळायला कमी मिळतं, कोर्स आवडला नाही, कोच सोडून गेला, ही कारणं बाद.

कोच सोडून गेला हे कारण बाद. हे लक्षात ठेवा.

सिॲटल, मग बोझमन

बॅटल वॉशिंग्टन राज्यातला, सिॲटलच्या उत्तरेला मेरिसव्हिल आहे तिथला, टुलेलिप या मूळ अमेरिकन जमातीचा. तिथल्या मुलांमधून डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत पोचणारे फार थोडे, त्यामुळे तो युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला गेला तेव्हा ती नुसती एका घरातली बातमी नव्हती. घराजवळचं मोठं कॉलेज, पॅक ट्वेल्व्ह कॉन्फरन्स (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट), सगळं स्वप्नासारखं.

पण टीम. २०१९-२० ला त्याच बॅचमध्ये आयझाया स्टुअर्ट आणि जेडन मॅकडॅनियल्स आलेले, दोघेही एका वर्षात एनबीएच्या पहिल्या राउंडमध्ये गेले, आणि तरीही टीम १५ विजय १७ पराभव. पुढचं वर्ष कोविडचं, ५ विजय २१ पराभव. बॅटल या सगळ्यात बेंचवरून येऊन मोजकी मिनिटं खेळणारा. २०२१ मध्ये तो निघाला, आणि टायमिंग बघा, नियम नुकताच बदललेला, त्यामुळे पहिली ट्रान्सफर फुकटात, लगेच खेळायला मोकळा.

गेला कुठे तर मोंटाना स्टेटला, बोझमनला. बिग स्काय कॉन्फरन्स. म्हणजे कागदावर दोन पायऱ्या खाली. ज्यांना वाटतं ट्रान्सफर करणारी पोरं कायम वरच पळतात त्यांनी ही उडी बघावी, बरीचशी मुलं खरंतर खाली जातात, कारण खाली बॉल हातात मिळतो.

तिथला कोच डॅनी स्प्रिंकल. हा स्वतः मोंटाना स्टेटकडूनच खेळलेला, १९९६ साली ती टीम एनसीएए टूर्नामेंटला, म्हणजे सीझनअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेला, गेली तेव्हा तो त्या टीममध्ये होता, आणि त्यानंतर पंचवीस वर्षं मोंटाना स्टेट त्या टूर्नामेंटमध्ये गेलीच नव्हती. २०२२ मध्ये गेली, याच स्प्रिंकलच्या हाताखाली, आणि बॅटल त्या टीममध्ये. पहिल्याच राउंडला टेक्सस टेकने ९७-६२ असं धुतलं ते सोडा. पुढच्या वर्षी बॅटल टीमचा मुख्य स्कोअरर झाला, मॅचमागे १७.७ पॉइंट. बिग स्कायच्या फायनलमध्ये नॉर्दर्न ॲरिझोनाला ८५-७८ हरवलं, बॅटल त्या टूर्नामेंटचा सर्वोत्तम खेळाडू. मग ग्रीन्सबरोला कॅन्सस स्टेटविरुद्ध चौदावी सीड (म्हणजे चौदावं मानांकन) म्हणून उतरले, ७७-६५ हरले, पण बॅटलने २७ मारले. सिॲटलमध्ये बेंच गरम करणारा मुलगा दोन वर्षांत नॅशनल टीव्हीवर तिसऱ्या सीडच्या टीमला २७ मारतोय. ट्रान्सफरने एखाद्याचं भलं होतं का या प्रश्नाचं उत्तर इथे थांबवलं असतं तर एकदम सरळ होतं.

वरची सगळी माणसं हलली

आता २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये काय झालं ते सावकाश वाचा.

नोटर डेमचा माइक ब्रे पायउतार झाला. त्याच्या जागी नोटर डेमने पेन स्टेटचा मायका श्रूजबेरी घेतला. पेन स्टेटने रिकाम्या जागेवर व्हीसीयूचा (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटी) माइक रोड्स आणला. व्हीसीयूने युटा स्टेटचा रायन ओडम उचलला. आणि युटा स्टेटने मोंटाना स्टेटचा डॅनी स्प्रिंकल नेला. एका माणसाने खुर्ची सोडली आणि इंडियानापासून मोंटानापर्यंत चार हेड कोच दुसऱ्या गावी गेले, सगळ्यांनी पुढच्या सीझनला पहिल्या मॅचपासून काम केलं, कुणी एक दिवस बसलं नाही. यात कोचचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, वरची नोकरी मिळाली तर कोण सोडेल. पण साखळीच्या शेवटच्या टोकाला जे खेळाडू असतात त्यांना या हलण्याचा जो धक्का बसतो तो वेव्हरच्या फॉर्मवर लिहायला जागाच नव्हती, कारण वर म्हटलं तसं, कोच गेला हे कारण बाद.

मोंटाना स्टेटच्या त्याच ड्रेसिंग रूममधली तीन पोरं घ्या. ग्रेट ओसोबोर (हो, नाव खरंच ग्रेट आहे), डॅरियस ब्राउन आणि बॅटल. ओसोबोर स्प्रिंकलच्या मागोमाग युटा स्टेटला गेला, त्याची पहिलीच ट्रान्सफर, लगेच खेळला आणि त्याच वर्षी माउंटन वेस्ट कॉन्फरन्सचा प्लेअर ऑफ द इयर झाला. ब्राउन आधी एक कॉलेज बदलून मोंटाना स्टेटला आलेला, पण पदवी झालेली, त्यामुळे तोही युटा स्टेटला लगेच खेळला. बॅटलची पदवी बाकी आणि ट्रान्सफर दुसरी. तिघांचा कोच एकाच दिवशी गेला, दोघे खेळले, एक अडकला, आणि फरक सगळा फक्त कोणाच्या फाइलमध्ये काय लिहिलंय याचा.

बॅटलने वेस्ट व्हर्जिनिया निवडलं. बिग ट्वेल्व्ह, देशातली सगळ्यात खडतर कॉन्फरन्स, आणि कोच बॉब हगिन्स, २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला, नऊशेच्या वर मॅच जिंकलेला माणूस. बॅटलकडे खेळायचा एकच सीझन शिल्लक होता (२०२०-२१ कोविडमुळे कुणाचाच मोजला नाही), तो एकदा वरच्या पातळीवर खेळून बघायचा, हिशोब साधा होता.

१६ जून २०२३ ला हगिन्सला पिट्सबर्गमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. जून संपायच्या आत असिस्टंट जॉश आयलर्टला एका सीझनपुरतं हंगामी कोच केलं. तेव्हा हेड कोच गेला की त्या टीमच्या खेळाडूंसाठी पोर्टल तीस दिवस उघडायचं, त्यामुळे अर्धी टीम फुटली, ट्रे मिचेल केंटकीला, जो टूसां टेक्सस टेकला, अजून काही. म्हणजे बॅटलचा दोन-अडीच महिन्यांत दुसरा कोच गेला. तो थांबला.

थांबला खरा, पण वेव्हर अजून यायचा होता. त्याच्या अर्जाचं कारण मानसिक आरोग्य होतं, स्प्रिंकल गेल्यावर मोंटाना स्टेटमध्ये राहणं आपल्याला झेपलं नसतं या अर्थाचं. एनसीएएने नाकारला. अपील केलं, तेही नाकारलं. हे वेस्ट व्हर्जिनियाला नवीन नव्हतं, आदल्या वर्षी होझे पेरेझ नावाचा गार्ड मॅनहॅटन कॉलेजमधून आलेला, सीझन तोंडावर असताना, ऑक्टोबरमध्ये, मॅनहॅटनने त्याच्या कोचला काढून टाकलं म्हणून आला बिचारा, त्याचाही वेव्हर नाकारला आणि तो पूर्ण २०२२-२३ बसून राहिला. आणि बॅटलबरोबरच नोआ फराखान हा अजून एक गार्ड, ईस्ट कॅरोलायना मग ईस्टर्न मिशिगन करून आलेला, तोही बसून.

वेव्हरच्या या प्रकारात मला सगळ्यात वाईट काय वाटतं सांगू का. एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा आपल्या डोक्यात काय चाललंय याची कागदपत्रं जमा करतो, समुपदेशकाचे कागद, कॉलेजचं पत्र, आणि लांब कुठेतरी इंडियानापोलिसच्या ऑफिसात बसलेली माणसं ती वाचून ठरवतात की हे दुःख पुरेसं आहे की नाही. आणि नाकारलं की मग ते सगळं पेपरात येतं. एनसीएएची अडचणही खरी होती, मानसिक आरोग्य हे एकच दार उघडं ठेवल्यावर सगळे त्याच दारातून येणार, त्यात खरं कोण खोटं कोण कसं ओळखायचं. पण हे दार एकच ठेवलं कुणी?

व्हीलिंगची सुनावणी

७ डिसेंबर २०२३ ला सात राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याचे मुख्य सरकारी वकील) मिळून एनसीएएवर फेडरल कोर्टात केस टाकली. ओहायो, कोलोरॅडो, इलिनॉय, न्यूयॉर्क, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया. यात रिपब्लिकन होते आणि डेमोक्रॅटही होते, आजकाल अमेरिकेत ही जोडी कुठल्याच विषयावर जमत नाही, पण कॉलेज टीमच्या प्रेमापुढे पक्ष काय चीज आहे. आरोप असा की ट्रान्सफरचा नियम शर्मन ॲक्ट, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायदा, मोडतो. सगळी कॉलेजं एकत्र येऊन ठरवतात की दुसऱ्यांदा येणाऱ्या मुलाला वर्षभर खेळवायचं नाही, म्हणजे दुकानदारांनी संगनमत करून कामगाराला दुकान बदलू न देण्यासारखं.

याला पाया होता २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा ऑल्स्टन निकाल, नऊ विरुद्ध शून्य, ज्यात कोर्टाने सांगितलं की एनसीएएला या कायद्यातून खास सूट वगैरे काही नाही. आणि गंमत म्हणजे तो शॉन ऑल्स्टन कोण, तर वेस्ट व्हर्जिनियाचाच जुना फुटबॉल खेळाडू. एकाच युनिव्हर्सिटीच्या दोन पोरांच्या निमित्ताने एनसीएएचे दोन खांब हलले.

१३ डिसेंबरला वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावी जज जॉन प्रेस्टन बेली यांच्यासमोर सुनावणी झाली आणि त्याच दिवशी त्यांनी चौदा दिवसांचा तात्पुरता मनाई हुकूम दिला: हा नियम सध्या लावायचा नाही. बेसबॉल असो बास्केटबॉल असो, देशभर.

त्या हुकुमात अजून एक गोष्ट होती जी बातम्यांच्या मथळ्यात आली नाही पण तीच खरी महत्त्वाची. एनसीएएकडे एक जुनं हत्यार आहे, परतफेडीचा नियम म्हणतात त्याला. कोर्टाच्या ऑर्डरवर एखादा मुलगा खेळला आणि नंतर ती ऑर्डर वरच्या कोर्टात उलटली, तर एनसीएए त्या मॅचचे विजय पुसू शकते, कॉलेजला शिक्षा करू शकते. म्हणजे कोर्टात जिंकलात तरी तुमचं कॉलेज घाबरून तुम्हाला खेळवणारच नाही. जजने या हत्यारालाही हात लावायचा नाही असं स्पष्ट लिहिलं. याशिवाय बाकीच्या ऑर्डरला काडीची किंमत राहिली नसती.

पुढचे दोन दिवस मात्र धमाल गोंधळ. गुरुवारी एनसीएएने कॉलेजांना प्रश्नोत्तरांचं एक पत्रक पाठवलं, त्याचा अर्थ असा निघत होता की या चौदा दिवसांत जो खेळेल आणि नंतर ऑर्डर उलटली तर त्याचा तो पूर्ण सीझन वापरला गेला असं धरणार. आता विचार करा, शेवटचा एक सीझन उरलेला मुलगा, दोन आठवड्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मॅच, आणि त्यासाठी अख्खा सीझन डावावर लावायचा. देशभरातले कोच, वकील, आईबाप फोनवर. शुक्रवारी दोन्ही बाजूंनी मिळून कोर्टाला सांगितलं की ही मनाई चालू वर्षाचे खेळ संपेपर्यंत वाढवा. एनसीएएनेच मान टाकली म्हणायचं.

आणि शनिवारी, १६ डिसेंबरला, स्प्रिंगफिल्डला, जिथे बास्केटबॉलचा जन्म झाला आणि जिथे हॉल ऑफ फेम आहे त्या गावात, युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्सविरुद्ध रेक्वान बॅटल वेस्ट व्हर्जिनियाकडून पहिल्यांदा खेळला. २९ पॉइंट. टीम ८७-७९ हरली.

ही एक ओळ म्हणजे त्या पूर्ण सीझनचं चित्र. बॅटल पुढे मॅचमागे साधारण १६ मारत राहिला. जानेवारीत मॉर्गनटाउनला, म्हणजे घरच्या कोर्टवर, देशात तिसऱ्या नंबरवर असलेल्या कॅन्ससला ९१-८५ हरवलं, त्यात त्याचे २३, ती रात्र तिथले लोक विसरणार नाहीत. पण टीम शेवटी ९ विजय २३ पराभव. हंगामी कोच, उन्हाळ्यात फुटलेली टीम, डिसेंबरच्या मध्यावर येऊन मिळालेले दोन गार्ड, आधी नऊ मॅच गेलेल्या, कुठून जमणार. टूर्नामेंट नाही, काही नाही. २०२४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये बॅटलचं नाव आलं नाही.

मग जिंकलं कोण

नियम तर गेलाच. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेचं न्याय खातं स्वतः या केसमध्ये राज्यांच्या बाजूने उतरलं, आणखी तीन राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी पण आले. एप्रिलमध्ये एनसीएएने नियम बदलला, अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा. मे अखेरीस तडजोडीचा कायमस्वरूपी करार झाला, त्यात २०१९-२० पासून या नियमामुळे बसावं लागलेल्या काही खेळाडूंना एक वर्ष परत द्यायचंही ठरलं. केस टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत सगळं.

माझं मत या केसबद्दल असं आहे की निकाल बरोबर लागला पण तो ज्या दारातून आला ते दार बघून वाईट वाटतं. बॅटल विद्यार्थी म्हणून गेला, माझ्या मनाची अवस्था अशी आहे, मला सूट द्या म्हणाला, तेव्हा दोनदा नाही ऐकलं. तोच मुलगा बाजारातला घटक म्हणून, ज्याच्या कामाला किंमत आहे आणि ती किंमत मिळवण्यापासून त्याला अडवलं जातंय अशा भाषेत, राज्यांच्या वकिलांनी मांडला तेव्हा एका दिवसात हो मिळालं. एनसीएए वर्षानुवर्षं सांगत आली की ही मुलं कर्मचारी नाहीत, आधी विद्यार्थी आहेत. मग विद्यार्थ्याचं ऐकायची एक संधी हातात असताना तिथे कागदावर बोट ठेवून बसले, आणि कोर्टाने त्यांच्यासमोर बाजार उभा केला. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं, दुसरं काय. पाच-पंचवीस वेव्हर सढळ हाताने दिले असते, निदान कोच गेलेल्या मुलांना तरी, तर कदाचित तो नियम आजही असता.

एनसीएएच्या बाजूने एक मुद्दा मात्र मी पूर्ण सोडणार नाही, तो म्हणजे पदवी. त्यांच्याच नियमानुसार दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८० टक्के पूर्ण पाहिजे. कॉलेज बदललं की सगळे क्रेडिट नव्या कॉलेजमध्ये धरले जातातच असं नाही, दरवेळी थोडे गळतात, आणि मग मुलगा खेळायला पात्र राहावा म्हणून जो कोर्स सोपा आणि जुळतो तो घ्यायचा, जो शिकायचा होता तो राहतो बाजूला. तीन-चार कॉलेजं फिरलेल्या मुलाच्या हातात शेवटी काय लागतं हा प्रश्न खरा आहे. फक्त त्याचं उत्तर खेळण्यावर बंदी हे कसं काय होतं ते मला कधी कळलं नाही, बेंचवर बसून क्रेडिट वाढत नाहीत.

नंतरचं जग तर माहीतच आहे. दरवर्षी पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये दोन हजारांहून जास्त मुलं पोर्टलमध्ये जातात. बॅटलचा वेस्ट व्हर्जिनियातला सोबती कर क्रिसा, एस्टोनियाचा पॉइंट गार्ड, ॲरिझोनाहून आलेला, तो नंतर केंटकीला आणि तिथून सिनसिनाटीला, चार कॉलेजं, आता यावर कुणी भुवईसुद्धा उचलत नाही. कोच लोकांचं पण तेच. वेस्ट व्हर्जिनियाने आयलर्टनंतर ड्रेकचा डॅरियन डीव्हरीज आणला, तो एक सीझन करून इंडियानाला गेला, त्याचा मुलगा टकर, तोही चांगला खेळाडू, वडिलांबरोबर ड्रेक, वेस्ट व्हर्जिनिया, इंडियाना असा फिरला. मग रॉस हॉज आला. हगिन्सपासून मोजलं तर तीन वर्षांच्या आत चौथा कोच.

आणि डॅनी स्प्रिंकल? युटा स्टेटला एकच सीझन राहिला. मार्च २०२४ मध्ये, बॅटलचा सीझन संपत होता त्याच सुमाराला, त्याला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने हेड कोच म्हणून नेलं. म्हणजे सिॲटल, बॅटल जिथून पहिल्यांदा निघाला होता तेच कॉलेज. ओसोबोरही त्याच्या मागोमाग तिकडे गेला, ही त्याची दुसरी ट्रान्सफर, पदवीची अट नाही, वेव्हर नाही, लगेच खेळला.

आता एनसीएए आणि मोठ्या कॉन्फरन्स वॉशिंग्टन डीसीत खासदारांच्या मागे लागल्या आहेत की आम्हाला या मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण द्या म्हणजे आम्हाला परत ट्रान्सफरवर काही मर्यादा घालता येतील. घाला, एखाददुसरी मर्यादा मलाही चालेल. पण त्यात एक कलम पहिल्या पानावर पाहिजे: हेड कोच गेला असेल तर ती ट्रान्सफर मोजायची नाही, कारण विचारायचं नाही, कुठलेही कागद मागायचे नाहीत. तेवढं नसेल तर पुढची केस कुठल्या राज्यात उभी राहील एवढाच प्रश्न आहे.